एकास सत्त्याऐंशी म्हणजे नेमके किती?

ग्वाल्हेर ते श्योपूर ही जवळपास दोनशे किलोमीटरची ‘छोटी लाइन’ २०२० साली बंद झाली आणि तिच्या मार्गावर आता ब्रॉडगेजच्या गाड्या टप्प्याटप्प्याने धावू लागल्या आहेत. गाडी चालू होती तोवर तिच्या कूर्मगतीची चेष्टा करणारी मंडळीच आता तिचे मॉडेल दिवाणखान्यात असावे म्हणून फोनवर जाहिराती धुंडाळत असतात. अशीच एक जाहिरात मला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या तीन वेगवेगळ्या घरांतून दाखवण्यात आली. तिच्यात लिहिले होते, ‘ग्वाल्हेर नॅरोगेज, एचओ स्केल, १६.५ मि.मी. रूळ’. तिघांनीही विचारले ते एवढेच, की हे बरोबर आहे का? ते वाक्य स्वतःच स्वतःला खोटे पाडते. कसे, हे कळायला दोन शब्द नीट समजून घ्यावे लागतात आणि एक फुटपट्टी हाताशी ठेवावी लागते.

## स्केल वेगळे, गेज वेगळे

नकाशाच्या कोपऱ्यात ‘१ सें.मी. म्हणजे १० कि.मी.’ असे लिहिलेले असते, तेच मॉडेलचे स्केल, म्हणजे लहान करण्याचे प्रमाण. १:८७ असे लिहिले की खऱ्या वस्तूचे ८७ मि.मी. मॉडेलमध्ये १ मि.मी. होतात. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर. ते खऱ्या रेल्वेलाही असते आणि मॉडेललाही असते. ग्वाल्हेरकरांना हे वेगळे सांगायला नको, कारण एकाच स्टेशनात १,६७६ मि.मी.चे ब्रॉडगेज आणि ६१० मि.मी.चे, म्हणजे बरोबर दोन फुटांचे, नॅरोगेज आपण वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी पाहिले आहे. इंदूरकडच्या पाहुण्यांना तिसरे, १,००० मि.मी.चे मीटरगेजही ठाऊक असते. पातालपानी–कालाकुंड घाटातली पर्यटकांची गाडी त्याच मापाच्या रुळांवर चालते.

घोळ होतो तो नावांमुळे. ‘एचओ’ हे नाव ऐकले की लोक त्याचा अर्थ रुळाचे माप असा घेतात, पण ते मुळात प्रमाणाचे नाव आहे, आणि ते प्रमाण १:८७. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक रेल्वेचे गेज १,४३५ मि.मी.; त्याला ८७ने भागले की १६.५ मि.मी. येतात. म्हणजे १६.५ मि.मी.चा रूळ हे त्या परदेशी गेजचे अपत्य आहे, आपल्याकडच्या कुठल्याही गेजचे नव्हे. याच पद्धतीने एन स्केल १:१६० आणि रूळ ९ मि.मी., टीटी स्केल १:१२० आणि रूळ १२ मि.मी., झेड स्केल १:२२० आणि रूळ ६.५ मि.मी. अशा जोड्या जमलेल्या आहेत. मोठ्या मापांत ओ स्केलचा रूळ ३२ मि.मी.चा आणि बागेत धावणाऱ्या गाड्यांचा बहुधा ४५ मि.मी.चा असतो.

## एकाच रुळावर निरनिराळी प्रमाणे

आता या जोड्या मोडतात कुठे ते पाहू. ब्रिटनमधल्या गाड्या युरोपातल्या गाड्यांपेक्षा अंगाने बारीक असतात, त्यामुळे १:८७च्या इंजिनात त्या काळची मोटर मावेना. तेव्हा तिथल्या कारखानदारांनी गाडी थोडी मोठी केली, १:७६.२ केली, पण रूळ मात्र तोच १६.५ मि.मी.चा ठेवला. याला ‘ओओ’ म्हणतात. १६.५ला ७६.२ने गुणले की १,२५७ येतात, म्हणजे ब्रिटिश ओओ गाडी तिच्या खऱ्या रुळापेक्षा जवळपास १८ सें.मी.ने अरुंद अशा रुळावर आयुष्यभर धावते. वडिलांचा सदरा मुलाच्या पायजम्यावर घालावा तसा हा प्रकार आहे. तरीही पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश लोक तो आनंदाने चालवत आहेत. ज्यांना हे खुपते ते १८.८३ मि.मी.चे रूळ हाताने टाकतात.

आपल्या ब्रॉडगेजचा प्रश्न उलट्या बाजूने आहे. १,६७६ला ८७ने भागले की १९.२६ मि.मी. हवेत, पण बाजारातला तयार रूळ १६.५चा. त्यामुळे भारतीय डब्याचे एचओ मॉडेल समोरून पाहिले, की छाती रुंद आणि पाय एकमेकांजवळ, असे काहीसे दिसते. बाजूने पाहताना हा पावणेतीन मिलिमीटरचा फरक जाणवत नाही, म्हणून भारतीय मॉडेल करणारे बहुतेक लोक तो पत्करतात. मला स्वतःला ही तडजोड पटते, कारण तिच्यामुळे परदेशी रूळ, सांधे आणि चाके आपल्याला तयार मिळतात.

आता त्या जाहिरातीकडे वळू. १:८७ प्रमाणात ६१० मि.मी.चे नॅरोगेज अवघे ७ मि.मी. होते. ‘एचओ’ खरे मानले तर रूळ ७चा हवा, आणि रूळ १६.५चा खरा मानला तर प्रमाण १:३७ होते. दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. विकणाऱ्याने बहुधा परदेशी चाकांवर गावठी डबा बसवला होता, आणि खोक्यावर जे छापायचे ते छापले होते.

## फुटपट्टी घेऊन बसल्यावर

हे शहाणपण मला आपोआप सुचलेले नाही. काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून निळ्या रंगाचा आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या, पद्धतीचा स्लीपर डबा मागवला. खोक्यावर ठळक अक्षरांत १:८७ लिहिले होते. डबा दिसायला सुरेख होता, पण घरातल्या जुन्या इंजिनाला जोडला की तो आखूड वाटायचा, आणि का वाटतो ते काही केल्या सांगता येईना. शेवटी वडिलांचे व्हर्नियर कॅलिपर काढले. वडिलांनी गिरणीत फिटर म्हणून उमेदीची वर्षे घालवली आणि निवृत्तीनंतर घरी आणलेल्या मोजक्या वस्तूंपैकी ते एक.

खऱ्या आयसीएफ डब्याची लांबी २१,३३७ मि.मी. आणि रुंदी ३,२४५ मि.मी. असते. ८७ने भागले की मॉडेल २४५ मि.मी. लांब आणि ३७.३ मि.मी. रुंद हवे. माझ्या डब्याची रुंदी भरली ३७.२. शाबास! लांबी भरली २१३.५. खऱ्या लांबीला या आकड्याने भागले की उत्तर जवळजवळ नेमके १०० येते. म्हणजे रुंदी १:८७ची, लांबी १:१००ची. मग बोगी मोजली. बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची गाडी. आयसीएफ बोगीच्या दोन आसांमधले अंतर २,८९६ मि.मी. असते, म्हणजे मॉडेलमध्ये ३३.३ हवे, आणि ते ३३ भरले. बोग्या पूर्ण मापाच्या, फक्त मधला देह छाटलेला. खिडक्यांवरून कंपार्टमेंट मोजली तर नऊच्या जागी आठच निघाली. बहात्तर बर्थच्या डब्यातल्या आठ प्रवाशांचे आरक्षण कारखान्यातच रद्द झाले होते.

यातून मोजण्याची एक साधी रीत मिळते. खऱ्या डब्याचे माप शोधावे, त्याला मॉडेलच्या मापाने भागावे, आणि हे लांबी, रुंदी, बोगीच्या आसांमधले अंतर आणि चाकाचा व्यास या चारही ठिकाणी स्वतंत्रपणे करावे. चारही उत्तरे ८७च्या आसपास आली तर डबा खरोखर त्या प्रमाणाचा आहे. आपल्याकडे नेहमी लागणारी आणखी काही मापे सांगून ठेवतो. एलएचबी डबा, म्हणजे जर्मन धाटणीचा नवा डबा, २३,५४० मि.मी. लांब असतो, म्हणून एचओमध्ये तो २७० मि.मी.च्या किंचित वर जायला हवा. कोळशाची बॉक्स-एन वाघीण कपलरसकट, म्हणजे दोन्ही टोकांच्या जोडणीच्या आकड्यांसकट, १०,७१३ मि.मी.ची, म्हणजे १२३ मि.मी.; तिची चाके १,००० मि.मी.ची, म्हणजे साडेअकरा. प्रवासी डब्याचे चाक ९१५ मि.मी.चे, म्हणजे साडेदहा मि.मी.ला थोडे वर.

## लांबी छाटणे ही फसवणूकच का?

नेहमीच नव्हे, आणि इथे घाईने निकाल देऊ नये. युरोपातला आधुनिक प्रवासी डबा २६.४ मीटर लांब असतो. १:८७ने तो ३०३ मि.मी. व्हायला हवा. पण घरातल्या टेबलावरचे सर्वांत आवळ वळण साधारण ३६० मि.मी. त्रिज्येचे असते. आपल्या ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त दहा अंशांचे, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे वळण चालते; प्रमाणात धरले तर ते दोन मीटर त्रिज्येचे होईल आणि पूर्ण फेरीला चार मीटर रुंदीची खोली लागेल. लष्करातल्या जुन्या वाड्यात एखाद्या सरदाराच्या वारसाकडे ती असेलही, आमच्याकडे नाही. खोलीची ही अडचण ओळखून जर्मन कारखान्यांनी तोच डबा २८२ मि.मी.चा किंवा २६४ मि.मी.चाही काढला, म्हणजे लांबीपुरते प्रमाण १:९३.५ किंवा १:१०० केले, आणि आपल्या सूचिपत्रात तसे छापलेही. माझ्या स्लीपर डब्याच्या खोक्यावर यातले अक्षरही नव्हते. डबा छाटल्याचा मला राग नाही, तो न सांगितल्याचा आहे.

## चाके नेहमीच जाड का असतात?

डबा चारही मापांत उतरला तरी चाकाची जाडी मोजायला गेलात तर निराशा होईल. आपल्या रेल्वेचे चाक १२७ मि.मी. रुंद असते, म्हणजे एचओमध्ये जेमतेम दीड मि.मी. बाजारात सर्रास मिळणारे चाक मात्र २.८ मि.मी. रुंद असते. चाकाची आतली उंच कड, जिला फ्लँज म्हणतात आणि जी चाकाला रुळावरून घसरू देत नाही, ती खऱ्या गाडीत २८.५ मि.मी. उंच असते. प्रमाणात ती ०.३३ मि.मी. व्हायला हवी, पण मॉडेलमध्ये ती सुमारे दुप्पट असते.

याचे कारण रास्त आहे. टेबलावरचा रूळ कितीही नीट बसवला तरी त्याचे सांधे, फळीचा उंचसखलपणा आणि मुख्य म्हणजे धूळ ही काही ८७ पटींनी लहान होत नाही; आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यातली धूळ तर मुळीच नाही. म्हणून अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन आणि युरोपातली मोरोप ही संघटना यांनी चाकांची व रुळांची मापे ठरवून दिली. ती अचूक प्रमाणाची नसून खात्रीने चालणारी मापे आहेत. त्यामुळे चाक खऱ्यापेक्षा जाड आहे का, हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. दोन चाकांच्या आतल्या पाठींमधले अंतर तेवढे मोजावे. एचओमध्ये ते साधारण साडेचौदा मि.मी.च्या आतबाहेर असते. दोन-तीन दशांश मि.मी.चा फरक पडला तरी डबा सांध्यावर उडी मारतो, आणि एकाच डब्याच्या चार आसांवर चार निरनिराळी अंतरे निघाली तर तो डबा कितीही देखणा असला तरी परत पाठवावा.

## वजनाचे गणित आणि लाडू

लाडवाचा व्यास निम्मा केला तर सारण निम्मे नव्हे, आठव्या हिश्श्याने लागते, हे दिवाळीत लाडू वळणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही निम्म्या झाल्यामुळे असे होते. मॉडेलमध्ये तिन्ही मापे ८७ पटींनी कमी होतात, म्हणून वजन साडेसहा लाख पटींहून अधिक कमी व्हायला हवे. रिकामी बॉक्स-एन वाघीण साडेबावीस टनांची असते. या हिशेबाने तिचे एचओ मॉडेल ३४ ग्रॅमचे होईल, आणि पंख्याच्या वाऱ्याने वळणावर कलंडेल.

म्हणून वर सांगितलेल्या अमेरिकन संघटनेने वेगळाच नियम सुचवला आहे. आधी २८ ग्रॅम धरावे आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम मिळवावे. त्या वाघिणीला हा नियम लावला तर सुमारे ९७ ग्रॅम होतात, आणि पूर्ण लांबीच्या स्लीपर डब्याला १६५च्या आसपास. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर हे दोन मिनिटांत तपासता येते. हलका डबा म्हणजे टाकाऊ डबा, असे मात्र नाही; छपराखाली शिशाची किंवा लोखंडाची पट्टी चिकटवून त्याचे वजन वाढवता येते. चाकांमधले अंतर चुकले असेल तर ते दुरुस्त करणे त्याहून कठीण असते.

## स्केल बरोबर, म्हणजे दर्जा चांगला?

जयविलास महालातली चांदीची आगगाडी आपल्यापैकी प्रत्येकाने पाहुण्यांना एकदा तरी दाखवलेली आहे. जेवणाच्या लांबलचक टेबलावरून ती पाहुण्यांपुढे पेयांच्या काचेच्या सुरया फिरवत असे. कारागिरी पाहावी तर नजर हटत नाही. स्केल विचाराल तर प्रश्नच गैरलागू आहे, कारण तिच्या वाघिणीचा आकार ठरवला तो सुरईच्या बुडाने, कुठल्याही खऱ्या वाघिणीने नव्हे. उलट काही मॉडेले मापाला काटेकोर, पण हातात घेतल्यावर साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत लागतात. स्केल हा गणिताचा प्रश्न आहे आणि दर्जा हा हाताचा.

दर्जा पाहताना मी सर्वांत आधी दाराजवळचा दांडा पाहतो. खरा दांडा साधारण २५ मि.मी. जाड धरला तर मॉडेलमध्ये तो ०.३ मि.मी.ची तार हवा. स्वस्त डब्यात तो भिंतीसकट एकाच साच्यात ओतलेला, ०.६ मि.मी.चा उंचवटा असतो. खऱ्या मापात तो पाच सें.मी. जाडीचा नळ झाला. मग रंग. ०.१ मि.मी. जाडीचा थर खऱ्या डब्यावर जवळपास ९ मि.मी.चा लेप ठरतो, आणि तेवढ्या लेपाखाली रिव्हेट, सांधे, खिडकीच्या चौकटी सगळे बुजून जाते. म्हणून चांगल्या डब्यावरचा रंग बेतशीर आणि मंद असतो, चकचकीत नसतो. दोन रंगांमधली रेघ भिंगातून पाहावी. ती दाराच्या खाचेतून जातानाही सरळ राहिली तर छापणाऱ्याने मेहनत घेतली आहे.

क्रमांकही वाचून पाहावा, कारण तिथे करणाऱ्याचा अभ्यास कळतो. भारतीय डब्यांच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे डबा कोणत्या साली बांधला ते सांगतात. एलएचबी डबे आपल्याकडे २०००च्या सुमारास जर्मनीहून प्रथम आले. त्यामुळे एलएचबी मॉडेलवर ९२ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर करणाऱ्याने जुन्या आयसीएफ डब्याचा छाप तसाच उचलला आहे, हे निश्चित समजावे.

शेवटी डबा चालवून पाहावा. मीटरभर लांबीच्या रुळाचे एक टोक दोन सें.मी. उचलावे आणि डबा वरून सोडावा. धातूची चाके आणि टोकदार आस असलेला चांगला डबा ढकलल्याशिवाय खाली येतो. अडखळला तर आस वाकडा आहे किंवा बोगीत प्लास्टिकचा कोंब राहिला आहे. हा माझा घरगुती निकष आहे, कुठल्या संघटनेचा नव्हे, पण त्याने मला आजवर चुकवलेले नाही.

थ्रीडी प्रिंटरवर केलेल्या डब्यांबद्दल हल्ली फार विचारणा होते. त्यांत छपरावर आडव्या थरांच्या रेषा दिसतात का ते पाहावे, आणि साहित्य कोणते हे जरूर विचारावे. पीएलए नावाचे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. आपल्या उन्हाळ्यात काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तो डबा विसरलात तर संध्याकाळी केळ्यासारखा वाकलेला सापडेल.

## दुरून पाहायचे, तर एवढे मोजायचे कशाला?

हा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकावा लागतो आणि तो अर्धा खरा आहे. १:८७चे मॉडेल एक मीटरवरून पाहणे म्हणजे खरा डबा ८७ मीटरवरून पाहणे. एवढ्या अंतरावरून रिव्हेट कुणाला दिसतात? म्हणून धावत्या गाडीतल्या डब्यांसाठी बारीक तपशिलांवर पैसे खर्चू नयेत, असेच मी सांगतो. प्रमाणबद्धता मात्र दुरूनच आधी कळते. ओळखीच्या माणसाची चाल लांबून ओळखू येते, चेहरा नंतर. माझ्या आखूड डब्याचे नेमके तेच झाले होते.

लहान मुलासाठी घ्यायचे असेल तर हा सारा लेख बाजूला ठेवावा. तारेचे नाजूक दांडे पहिल्याच दिवशी तुटतील. ओतलेले जाड दांडे आणि मोठ्या फ्लँजची चाके हीच मुलांच्या हाताला योग्य. किमतीबद्दलही एवढेच, की महाग डब्यात पैसे बहुधा वेगळ्या लावलेल्या भागांचे आणि छपाईचे घेतलेले असतात, मापाचे नव्हे. माप साच्यात असते, आणि चुकलेल्या साच्यातून निघालेला डबा कितीही सजवला तरी चुकलेलाच राहतो.

## मग छोट्या लाइनचे मॉडेल कोणत्या मापात?

दोन फुटांच्या गेजसाठी सर्वांत सोयीचे माप ब्रिटनमधल्या बागेतल्या रेल्वेवाल्यांनी कधीच शोधून ठेवले आहे. एका फुटाला १६ मि.मी. धरायचे, म्हणजे प्रमाण १:१९, आणि रूळ ३२ मि.मी.चा. दोन फूट म्हणजे ३२ मि.मी.; कुठे तडजोड नाही, आणि ३२चा रूळ ओ स्केलमुळे तयार मिळतो. जागा कमी असेल तर एन स्केलचा ९ मि.मी.चा रूळ घेऊन १:६८च्या आसपास डबा बांधता येतो, पण त्या प्रमाणात बाकी काही तयार मिळत नाही.

मी १:१९ने एक डबा लाकडात बांधायला घेतला आहे. छोट्या लाइनवर उमर घालवलेले आमच्या गल्लीतले काका तो पाहायला आले. मी फोटोंवरून पायरीची उंची ठरवली होती. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “अरे, एवढ्या उंचावर कोण चढेल? पायरी आमच्या गुडघ्याला लागायची.” मी टेप आणून जमिनीपासून त्यांच्या गुडघ्यापर्यंत माप घेतले. ते ४९ सें.मी. भरले, म्हणजे मॉडेलमध्ये २६ मि.मी.ला थोडे कमी. माझी पायरी ३१वर होती. काका बसलेले असतानाच ती उखडली आणि पाच मि.मी. खाली घेतली.